बाहेरची पातेली

मी एक जुनी जर्मनची, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमची, पातेली आहे. बूड काळं पडलंय, काठाला पोचा आलाय आणि माझ्यावर झाकण म्हणून ठेवतात ती थाळी मुळात माझी नव्हेच. कलकत्त्यात बागबाजारच्या एका घराच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीमागे, कोळशाच्या शेगडीशेजारी माझा मुक्काम असतो. मित्रांनो, आपली कहाणी सांगायचा मान मोठ्या वस्तूंचा, असं तुम्हाला वाटत असेल. तलवारीने सांगावी, देवळातल्या घंटेने सांगावी, पातेलीने काय सांगायचं? पण घरात कोण कुणाला काय खाऊ घालतं आणि कुणाच्या घशाखाली काय उतरत नाही, हे पातेलीइतकं कुणाला ठाऊक नसतं. म्हणून आज मी बोलणार आहे.

माझा जन्म हावड्याच्या बाजूच्या एका कारखान्यात झाला. दुसरी मोठी लढाई नुकतीच संपली होती. माझा पत्रा आधी एका विमानाचा होता असं तिथले कामगार म्हणायचे. खरंखोटं देव जाणे. आकाशात उडाल्याचं मला काही आठवत नाही. आठवतो तो गरगर फिरणारा साचा आणि अंगावर पडलेला दाब. त्या दाबाने मला पोट आलं, काठ आला आणि मी कामाची झाले. मग एका दुकानात दोरीला टांगून राहिले, आणि एके दिवशी नऊवारी नेसलेल्या एका बाईंनी मला खाली काढून टिचकी मारून बघितलं. त्या कालिंदीबाई मोघे. मोडक्या बंगालीत त्यांनी दुकानदाराशी चांगली घासाघीस केली आणि मला पिशवीत घालून घरी आणलं.

कालिंदीबाईंचे यजमान दत्तात्रयराव सरकारी पशुसंवर्धन खात्यात अधिकारी होते. बदली होऊन कलकत्त्याला आले होते. बागबाजारात हेमनलिनीदेवींच्या घराचा वरचा मजला त्यांनी भाड्याने घेतला होता. हेमनलिनीदेवी म्हणजे जुन्या खानदानी घरातल्या, ठसठशीत कुंकू लावणाऱ्या, बोलायला फटकळ आणि मनाने मऊ. मराठ्यांच्या स्वाऱ्यांची दहशत त्या भागातल्या लोकांच्या बोलण्यात अजून शिल्लक आहे, म्हणून त्या मोघे मंडळींना 'बर्गी' म्हणून चिडवायच्या. पण संक्रांतीला तिळगूळ घ्यायला पहिल्यांदा त्याच वर यायच्या. घरातली सगळी त्यांना मासीमा म्हणत.

आणि घरात होती वृंदा. मोघ्यांची एकुलती एक मुलगी, तेव्हा सात-आठ वर्षांची. मी आले ती तिच्या दुधासाठी. देवाच्या नैवेद्याला पितळेची भांडी आणि वृंदाच्या दुधाला मी, अशी वाटणी होती. सकाळी दूध वर येऊ लागलं की ती धावत यायची आणि 'आई, दूध उठलं' म्हणून ओरडायची. साय तिला फार आवडे. माझ्या काठाला चिकटलेली साय ती बोटाने निपटून खायची, आणि मला वाटायचं की आपला जन्म सार्थकी लागला.

कालिंदीबाईंच्या हाताला चव होती, पण त्यांनी शिजवताना कधी चाखून बघितलं नाही. चाखलं म्हणजे अन्न उष्टं झालं आणि देवाला उष्टं दाखवत नाहीत. मिठाचा अंदाज डोळ्यांनी घ्यायचा, असं त्यांच्या आईने शिकवलं होतं आणि तो अंदाज चुकलेला मी पाहिला नाही. या गोष्टीचा त्यांना अभिमान होता. तुम्ही म्हणाल, हे आम्हाला कशाला सांगते? थोडं थांबा, सांगते.

दत्तात्रयरावांचं काम मोठं नवलाचं होतं. शहराच्या दक्षिणेला, बजबजची गाडी जाते त्या वाटेवर, सरकारने कोंबड्यांचं एक केंद्र उघडलं होतं. कोंबडीला काय चारलं म्हणजे तिच्या मांसात आणि अंड्यात काय उतरतं, हा त्यांचा विषय. देश नुकता स्वतंत्र झाला होता, मुलं हाडकुळी होती, आणि सियालदहच्या फलाटावर पूर्व बंगालातून आलेली कुटुंबंच्या कुटुंबं उघड्यावर पडली होती. अशा लोकांना थोड्या मांसातून जास्त बळ मिळालं पाहिजे, या ध्यासाने त्यांना झपाटलं होतं. स्वतः मात्र शुद्ध शाकाहारी, चातुर्मासात कांदासुद्धा वर्ज्य. मासीमा हसून म्हणायच्या, "कोंबडीला काय आवडतं ते तुमच्या साहेबांना विचारा. कोंबडी कशी लागते ते विचारू नका." दत्तात्रयरावही हसायचे.

जेवताना ते कामाबद्दल बोलायचे, त्यामुळे मलाही थोडं कळू लागलं. साध्या कोंबड्या तांदळाचा कोंडा आणि उकिरड्यावरचं काहीबाही खातात. दत्तात्रयरावांनी त्यांच्या दाण्यात भर घातली. शेंगदाण्याची पेंड, शिंपल्यांचा चुरा, सुक्या माशांचा कुटा आणि या सगळ्यावर शार्क माशाच्या यकृताचं तेल. त्या तेलात अ आणि ड जीवनसत्त्व असतं, म्हणे. "आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?" ते म्हणायचे. "दाण्यात सत्त्व नसेल तर मांसात कुठून यायचं? आधी आड भरायचा." त्यांच्या पिल्लांची हाडं मजबूत झाली, कोंबड्या वजनदार झाल्या. प्रयोगशाळेत त्यांच्या मांसाची आणि कलेजीची परीक्षा झाली, ती उत्तम उतरली. वरिष्ठांनी पाठ थोपटली. केंद्रातले पक्षी एका इस्पितळातल्या रोग्यांसाठी जाऊ लागले.

त्या वर्षीच्या पावसाळ्यानंतर वृंदाला मुदतीचा ताप आला.

मित्रांनो, ते दिवस मी स्वयंपाकघरात बसून काढले. माझ्यात दूध तापायचं आणि तसंच गार व्हायचं. साय काढायला कुणी येत नव्हतं. पुढे एकदाचा ताप उतरला, पण तापाबरोबर पोरीचं सगळं बळही गेलं. हातापायांच्या काड्या झाल्या. दूध पचेना. मासीमांनी नारळाचं पाणी दिलं, कालिंदीबाईंनी भाताची पेज दिली, तरी अंगी काही लागेना. मग एका संध्याकाळी वृंदाने समोर ठेवलेला पेला चाचपडून शोधला. दिवेलागणीच्या अंधुक उजेडात तिला दिसत नव्हतं. त्या वेळी कालिंदीबाईंच्या तोंडचं पाणी पळालेलं मी पाहिलं.

डॉक्टरबाबूंनी माशाचं तेल चमच्याने पाजायला सांगितलं. ते पोटात ठरेना. पाजलं की उलटून पडायचं. मग ते म्हणाले, "कोंबडीचं सूप द्या. कलेजी घालून, रोज. याशिवाय ही मुलगी उभी राहणार नाही."

ब्राह्मणाच्या घरात कोंबडी. पण कालिंदीबाईंनी क्षणभरही विचार केला नाही. त्या एवढंच म्हणाल्या, "पोरीचा जीव मोठा." दत्तात्रयरावांच्या तर डोळ्यांत चमक आली. जे तेल चमच्याने पोटात राहत नाही, ते कोंबडीच्या पोटातून जाऊ दे. कोंबडी ते पचवील, आपल्या अंगात उतरवील आणि वृंदाला देईल. इतके दिवस ज्याच्यासाठी खपलो ते आता आपल्याच लेकराच्या कामी येणार, असं त्यांना वाटलं.

अडचण होती ती मासीमांची. तुम्हाला वाटेल, बंगाली घर, त्यांना कसली अडचण? पण त्या काळच्या जुन्या बंगाली घरात मासळी रोज चाले, बकऱ्याचं मटण चाले, कोंबडी मात्र उंबऱ्याच्या आत येत नसे. मासीमा म्हणाल्या, "खुकीसाठी, पोरीसाठी, होऊ दे. पण गच्चीवर शिजवा, गच्चीवरच खायला घाला. आणि न्यायची ती मागच्या लोखंडी जिन्याने." तो गोल जिना झाडूवाल्यांसाठी होता.

कोंबडीसाठी भांडं कुठलं काढायचं, याचा शोध सुरू झाला. पितळेला हात लावायचा प्रश्नच नव्हता. कालिंदीबाईंची नजर फळीवरून फिरत फिरत माझ्यावर येऊन थांबली. वृंदाला दूध चालत नव्हतं, मी रिकामीच होते. त्यांनी मला उचललं आणि माझ्या पाठीवरून एकदा हात फिरवला. मग मी त्या जिन्याने वर गेले ती पुन्हा स्वयंपाकघरात आले नाही. बाहेरची पातेली झाले. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण मनाची समजूत घातली, की काम तेच आहे, वृंदाला खाऊ घालायचं.

केंद्रावरून साफ केलेली कोंबडी यायची. कालिंदीबाई नाकाला पदर लावून, मान वळवून ती शिजवायच्या. मीठ अंदाजाने, आलं अंदाजाने. चाखायचा तर प्रश्नच नव्हता. मग दत्तात्रयराव वृंदाला उचलून वर आणायचे, उन्हात सतरंजीवर बसवायचे आणि माझ्यातला रस्सा वाटीत ओतायचे.

पहिल्या दिवशी वृंदाने वाटी तोंडाला लावली आणि खाली ठेवली.

"नाना, गंध लागतो," ती वडिलांना म्हणाली. वास येतो, असं तिला म्हणायचं होतं; तिची मराठी नेहमी बंगालीच्या वळणाने जायची.

"लागणारच. मांस आहे ते. औषध समजून घे."

तिने नाक दाबून दोन घोट घेतले आणि ते ओकून टाकले.

वास मलाही येत होता. माझ्याच पोटातून येत होता. तो कशाचा होता हे मी जाणून होते, कारण तेल काही कोंबडीच्या अंगात नुसतं सत्त्व घेऊन उतरलं नव्हतं. आपला वासही बरोबर घेऊन आलं होतं. आडात होतं ते सगळंच पोहऱ्यात आलं होतं. वास दत्तात्रयरावांना येत होता, कालिंदीबाईंनाही येत होता. पण मांस म्हटलं की असाच वास येत असणार, अशी दोघांची प्रामाणिक समजूत होती. दोघांपैकी कुणीही जन्मात कोंबडी खाल्लेली नव्हती. ज्यांना मासळीचा वास ओळखता आला असता त्या मासीमा, कोंबडी शिजत असली की गच्चीकडे फिरकत नसत. आणि मला तोंड असून बोलता येत नव्हतं.

असं किती दिवस चाललं म्हणून सांगू. रोज कोंबडी, रोज रडणं, रोज ओकारी. आपल्या घरातल्या संस्कारांमुळे पोरीला मांसाची शिसारी आहे, असं कालिंदीबाई म्हणत. दत्तात्रयरावांच्या मते तो हट्ट होता. इस्पितळातूनही निरोप आला होता, की रोगी रस्सा टाकून देतात. "लोकांना चांगल्या अन्नाची किंमत नाही," ते चिडून म्हणाले होते. बाहेर रोगी ऐकत नाहीत, घरात मुलगी ऐकत नाही. ते चांगले गृहस्थ होते. पण भीती वाटू लागली की चांगला माणूसही कठोर होतो.

एके दिवशी वृंदाने वाटी बघूनच तोंड मिटून घेतलं.

"उघड तोंड."

तिने मान हलवली.

"वृंदा, फलाटावर पोरं उपाशी मरताहेत. त्यांना हे मिळालं असतं तर त्यांनी तुझ्यासारखं तोंड फिरवलं असतं?"

त्यांनी तिचे गाल दोन बोटांनी दाबले, तोंड उघडलं आणि रस्सा ओतला. तो सगळाच्या सगळा त्यांच्या सदऱ्यावर परत आला. तेव्हा त्यांचा हात उठला. त्या घरात आजवर वृंदावर कधी हात उठला नव्हता.

ती रडली नाही. तेवढी ताकदच नव्हती. आईकडे बघून म्हणाली, "आई, मी मुद्दाम नाही करत गं. मी वाईट आहे का?"

कालिंदीबाईंनी तिला पोटाशी धरलं. दत्तात्रयराव कठड्याशी जाऊन पाठमोरे उभे राहिले. मी शेगडीवर होते. त्या रश्श्यासकट मला कुणी खाली रस्त्यावर फेकलं असतं तरी चाललं असतं, असं मला वाटलं.

पुढे थंडी पडली. बंगाली घरांत थंडीत डाळीचे सांडगे घालतात, त्यांना बोडी म्हणतात. मासीमांनी सकाळी अंघोळ करून गच्चीच्या दुसऱ्या टोकाला कापडावर बोड्या घातल्या होत्या. दुपारी कावळे उतरले म्हणून त्या धापा टाकत वर आल्या. कालिंदीबाई तेव्हा नाकाला पदर लावून शेगडीपाशी बसल्या होत्या. मासीमा कावळे हाकलायचं विसरून जागीच थांबल्या. त्यांचं बोलणं बंगालीत झालं, मी आपलं तुम्हाला मराठीत सांगते; बौमा म्हणजे सूनबाई, तेवढा शब्द तसाच ठेवते.

"बौमा, अखेर मासे खायला लागलात तर तुम्ही बर्गी लोक?"

"शिव शिव, मासीमा. वृंदाची कोंबडी आहे ती."

"मला सांगतेस? मासळी निवडण्यात जन्म गेला माझा. आणि ही ताजी मासळीसुद्धा नव्हे. शुटकीचा वास आहे हा, सुक्या मासळीचा. वर खवट तेल."

"मांसाला असाच वास येतो ना?"

मासीमा चालत माझ्याजवळ आल्या. जिथे कोंबडी शिजते तिथून दहा हात लांब राहणारी ती बाई वाकली आणि माझ्यावरची थाळी पदराने धरून तिने बाजूला केली. "मी मुरगी खात नाही. पण बकऱ्याचं मांस माझ्या घरात दर रविवारी शिजतं. मांसाला मांसाचा वास येतो, बाळ. माशाचा नाही येत." मग त्यांचा आवाज उतरला. "हे त्या आजारी पोरीला घालताय?"

संध्याकाळी दत्तात्रयराव घरी आले तशी कालिंदीबाई त्यांना गच्चीवर घेऊन आल्या. ही गोष्ट त्यांना वृंदासमोर बोलायची नव्हती.

"त्यांना काय कळतं त्यातलं," दत्तात्रयराव म्हणाले. "मांसाला वास असायचाच."

"अहो, तुम्ही कधी कोंबडी खाल्लीय?"

"हे काय विचारणं झालं?"

"मीही नाही खाल्ली. मासीमाही खात नाहीत. मग चांगल्या कोंबडीला कसा वास येतो, हे या घरात ठाऊक आहे कुणाला?"

"केंद्रावर सगळी परीक्षा होते. प्रथिनं, चरबी, जीवनसत्त्वं, सगळी मोजतो आम्ही."

"आणि चव? चव कुणी बघितली?"

 सुक्या माशांच्या कुट्याची पोती दत्तात्रयरावांनी स्वतः उघडली होती. तेलाचे डबेही त्यांच्यासमोर फोडले जायचे. तो वास त्यांना चांगला ठाऊक होता. फक्त केंद्रावरचा वास आणि घरातल्या वाटीतला वास एकच आहे, हे त्यांच्या मनात कधी आलं नव्हतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय.

रविवारी सकाळी त्यांनी श्यामबाजारच्या कोंबडीवाल्याकडून एक साधी गावरान कोंबडी आणली, किरकोळ, दाणे टिपून वाढलेली. कालिंदीबाईंनी ती आधी माझ्यात शिजवली. वाफ वर आली आणि त्यांचा नाकावरचा पदर कधी खाली घसरला हे त्यांनाही कळलं नाही. रस्सा एका वाटीत काढला. मग राख आणि चिंच लावून त्यांनी मला लख्ख घासलं आणि माझ्यात केंद्रातली कोंबडी शिजवली. या वेळी त्यांना पदर पुन्हा नाकाला लावावा लागला. दोन वाट्या शेजारी शेजारी ठेवल्या. दत्तात्रयरावांनी चमचा मागितला.

"थांबा, मी घेते," कालिंदीबाई म्हणाल्या.

"नको. दाणा मी चारलाय."

मित्रांनो, जन्मभर पाळलेली गोष्ट मोडणं माणसाला किती जड जातं, ते मी त्या दिवशी जवळून पाहिलं. त्यांनी पहिल्या वाटीतला चमचाभर रस्सा तोंडात घेतला. डोळ्यांत पाणी आलं, पण तो उतरला. मग त्यांनी आपल्या कोंबडीचा रस्सा घेतला. तो तोंडात धरून ते बसून राहिले. उमासा येत होता हे दिसत होतं. मोरी दोन पावलांवर होती. कालिंदीबाई म्हणाल्या, "थुंका हो." त्यांनी मान हलवली आणि गिळला.

"हे मी तिला रोज पाजत होतो," ते म्हणाले. "मारून."

 कालिंदीबाईंनी पाण्याचा तांब्या पुढे केला.

थोड्या वेळाने त्यांनी वृंदाला वर आणलं. वाटी दिसताच तिने तोंड मिटून घेतलं आणि डोळेही मिटले. दत्तात्रयराव तिच्यासमोर खाली सतरंजीवर बसले.

"वृंदा, वास खरंच येत होता गं."

तिने डोळे उघडले. "मासीमा बोलल्या?"

"मी पिऊन बघितलं."

"तुम्ही प्यायलात? नाना, तुम्ही?"

"हो. चूक माझी होती, तुझी नव्हती. तू वाईट नाहीस."

 तिने हळूच विचारलं, "उलटी आली?"

"येत होती."

ती हसली. किती दिवसांनी हसली म्हणून सांगू. मग त्यांनी गावरान कोंबडीची वाटी पुढे केली, पण तिच्या तोंडाला लावली नाही. जमिनीवर ठेवली आणि हात मागे घेतला. वृंदाने वाटी उचलली, हुंगली, एक घोट घेतला. आम्ही सगळेच थांबलो होतो. तिने दुसरा घोट घेतला. अर्धी वाटी तिने आपल्या हाताने संपवली, आणि ती तिच्या पोटात राहिली.

दत्तात्रयरावांचा अभ्यास खोटा नव्हता, हे मला सांगितलंच पाहिजे. दाण्यातलं सत्त्व मांसात उतरतं, हे खरंच होतं. चुकलं ते एवढंच, की सत्त्व मोजून झालं म्हणजे अन्न झालं, असं ते समजले. त्यांनी दाणा पुन्हा बसवला. माशांचा कुटा कमी केला. तेल फक्त लहान पिल्लांना ठेवलं, आणि कोंबडी माणसांच्या जेवणासाठी निघायच्या कितीतरी आधीपासून ते बंद केलं. त्याऐवजी पिवळा मका, पालक आणि लाल माठाची पानं सुरू केली. त्या कोंबड्यांचा रस्सा पिवळसर, गोडसर झाला. इस्पितळात ते स्वतः गेले आणि रोग्यांच्या खाटांपाशी उभं राहून विचारलं, कसं लागतंय. आधी कुणी विचारलं नव्हतं म्हणून रोगी गोंधळले, असं त्यांनी कालिंदीबाईंना सांगितलं.

वृंदा हळूहळू सुधारली. एकदम काही झालं नाही. एका संध्याकाळी ती गच्चीवरून त्या गोल जिन्याने कुणाचा हात न धरता उतरली, तेव्हा कालिंदीबाई वर उभ्या राहून ऐकत होत्या. पायऱ्या संपेपर्यंत त्यांनी श्वास सोडला नाही.

या सगळ्याची किंमत द्यावी लागलीच. दत्तात्रयरावांनी कोंबडी चाखली, ही गोष्ट कलकत्त्यातल्या चार मराठी घरांत पोचायला वेळ लागला नाही. पुढच्या वर्षी मराठी मंडळाच्या गणपतीला पूजेला बसायचा मान त्यांचा होता. मंडळातले जुने गृहस्थ श्यामराव घरी आले. खाली घरात हवा येत नाही असं म्हणून ते गच्चीवर येऊन बसले आणि इकडचं तिकडचं बोलून म्हणाले, "यंदा दुसऱ्या कुणाला बसवू म्हणतो, दत्तोपंत. लोक बोलतात." दत्तात्रयराव म्हणाले, "बसवा." श्यामराव गेल्यावर ते बराच वेळ कठड्याशी उभे होते. त्यांना ते लागलं होतं. पण आपण चाखलं नाही, असं ते श्यामरावांना म्हणाले नाहीत.

वृंदाच्या दुधाला आता नवी पातेली आली आहे. ती आत असते, मी बाहेर असते. लोक म्हणतील, हिची उपेक्षा झाली. पाऊस लागतो, ऊन लागतं, मांजर माझ्यावर झोपतं, हे खरं आहे. पण केंद्रावर नवा दाणा बसवला की त्यातली पहिली कोंबडी माझ्यातच शिजते. दत्तात्रयराव वर येतात, चमचा घेतात, डोळे मिटतात आणि एक घोट गिळतात. त्यांना तो अजून आवडत नाही. खाली कालिंदीबाईंनी अंघोळीला पाणी काढून ठेवलेलं असतं. 

परवा वृंदा त्यांच्या मागोमाग वर आली. आता ती चांगली उंच झाली आहे. "कसं लागलं, नाना?" तिने विचारलं.

"मला चांगलं-वाईट अजून नीट कळत नाही," ते म्हणाले. "तू बघ. तू नको म्हणालीस तर हा दाणा मी कुणालाही जाऊ देणार नाही." आणि ज्या हाताने त्यांनी एकदा तिचे गाल दाबले होते, त्या हाताने चमचा तिच्यापुढे धरला आणि ती सांगेपर्यंत थांबून राहिले.

मित्रांनो, मला घासा, चकचकीत ठेवा, अशी विनंती मी करणार नाही. माझं काय, मी पत्र्याची. तुम्ही उद्या मोठे व्हाल, कुणी डॉक्टर, कुणी अधिकारी, कुणी आईबाप व्हाल. दुसऱ्याच्या भल्यासाठी काही शिजवाल आणि ते किती चांगलं आहे याचे शंभर दाखले तुमच्याजवळ असतील. त्या वेळी समोरचं मूल तोंड मिटून बसलं, तर त्याला हट्टी म्हणू नका. आधी पातेलीत चमचा घाला आणि स्वतः एक घोट घ्या.